बीटाचा रंग गेला, कांद्याचा का राहतो? घरी लोकर आणि सूत रंगवण्याविषयी

तुमचा प्रश्न असा आहे : बहिणीच्या बाळासाठी स्वेटर विणायचा म्हणून २०० ग्रॅम पांढरी लोकर आणलीत, टोपी-मोज्यांसाठी पांढऱ्या सुताच्या दोन लडी घेतल्यात. बीट किसून उकळलंत, त्यात मीठ आणि व्हिनेगर घातलंत आणि लोकरीची एक लड बुडवलीत. गुलाबी सुरेख आला, पण दुसऱ्या धुण्यात मळकट पिवळट रंग उरला. सुताला हळद लावून पाहिलीत, तर साबण लागताच लाल डाग पडले. आता विचारताय की स्वयंपाकघरातल्या बिनविषारी वस्तूंनी पक्का रंग येतो का, आणि बाळाने बाही तोंडात घातली तर चालेल का.

येतो. मी २००३ पासून घरच्या ओट्यावर सूत-लोकर रंगवते, आता शिकवतेही, आणि जवळजवळ प्रत्येक नवा माणूस बीटापासूनच सुरुवात करतो. भांड्यात ते इतकं देखणं दिसतं की दुसरं काही सुचतच नाही. पण भांड्यातलं पाणी किती रंगीत दिसतं यावरून धाग्यावर काय राहील ते कळत नाही. कांद्याच्या सालीचं पाणी काळपट चहासारखं दिसतं आणि लोकरीवर सोनं उमटतं. बीटाचं पाणी माणकासारखं असतं आणि लोकरीवर काहीच उरत नाही.

कारण सांगते. बीटातल्या लाल रंगद्रव्यांचा गट बीटालेन या नावाचा. तो पाण्यात चटकन विरघळतो, उष्णतेने मोडतो, उन्हाने मोडतो. बीट जास्त वेळ उकळलं की त्याचं पाणी विटकरी-तपकिरी होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. तुरटी घातली तरी हा रंग धाग्याला घट्ट धरत नाही. मीठ आणि व्हिनेगर त्याला पक्कं करतात ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे, पण ती दुसऱ्याच रंगांच्या कृतींमधून इकडे आली आहे. मीठ लागतं ते सुतासाठीच्या बाजारी रंगांना. व्हिनेगर लागतं ते लोकरीवर चढणाऱ्या आम्लरंगांना, आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे, कारण तुमचा गुलाबी तिथेच मिळणार आहे. झाडापानांच्या रंगांना लागते तुरटी.

त्याआधी एक तपासणी करा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. तुमची ‘लोकर’ लोकर आहे का? आपल्याकडे दुकानात ज्याला सर्रास लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, आणि ‘बेबी वूल’ लिहिलेले गुंडे तर फारच वेळा. सुरुवातीच्या वर्षात एका दुकानदाराने शुद्ध लोकर म्हणून दिलेल्या सहा लडी मी दोन दिवस खपून कांद्यात रंगवल्या. शेवटच्या पाण्याबरोबर सगळा रंग मोरीत गेला आणि लडी होत्या तशा पांढऱ्या बाहेर आल्या. त्या दिवसापासून मी धागा जाळून पाहिल्याशिवाय भांडं चढवत नाही. बोटभर धागा चिमट्यात धरा, बेसिनवर, आणि काडी लावा. खरी लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटात चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला टणक मणी तयार होतो. सूत कागदासारखं जळतं, राख राखाडी आणि अगदी हलकी. मणी झाला तर तो धागा बाजूला ठेवा, स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू त्याला रंगवणार नाही. तुमच्या लडीने एकदा तरी गुलाबी घेतला होता हे चांगलं लक्षण आहे, पण काडी लावाच.

लोकर आणि रेशीम प्राणिज, म्हणजे प्रथिनांचे धागे. सूत, ताग, अंबाडी वनस्पतिज, म्हणजे सेल्युलोजचे. प्रथिनाला रंग आवडतो, सेल्युलोजला त्याची मनधरणी करावी लागते. म्हणून तुमच्या लोकरीची आणि सुताची कृती मी वेगवेगळी देते. एकाच भांड्यात दोन्ही टाकू नका.

आधी लोकर. लडीला चार ठिकाणी सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवून. आवळून बांधलंत तर तिथे पांढरा पट्टा राहील, मोकळी सोडलीत तर गुंता असा होईल की सोडवताना रडू येईल. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळू नका, दाबून निथळा. रिठा नसेल तर भांड्यांचा सौम्य द्रव साबण थेंबभर चालतो. कारखान्यातल्या तेलाचा अंश निघाला नाही तर रंग ढगाळ चढतो.

लोकरीचं एक कायम ध्यानात ठेवा : तिला उष्णतेचं भय नाही, धक्क्याचं आहे. गरम पाण्यातून एकदम नळाच्या गार पाण्यात घातली किंवा उकळत्या पाण्यात खळखळू दिली, की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि धाग्याचा नमदा होतो. तो परत सुटत नाही. म्हणून गार किंवा कोमट पाण्यात घालून हळूहळू तापवायची, वाफ येईल पण बुडबुडे उसळणार नाहीत इतपत, म्हणजे साधारण ८० ते ८५ अंश, आणि मग त्याच पाण्यात आपोआप गार होऊ द्यायची. मी गॅस बंद करून झाकण ठेवते ते थेट सकाळी उघडते.

आता तुरटी. वाण्याकडे मिळते ती पांढरी, काचेसारखी खड्याची. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १२ ग्रॅम. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, स्वयंपाकाचा छोटा काटा वापरा. जास्त घातली की रंग जास्त पक्का होत नाही, उलट लोकर चिकट आणि कडक लागते. तुरटी कुटून कपभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, ती चार लिटर कोमट पाण्यात ओता, ओली लोकर सोडा, पाऊण तास वर सांगितल्या आचेवर ठेवा, रात्रभर राहू द्या. केक करणाऱ्यांकडे क्रीम ऑफ टार्टर असतं, ते ५-६ ग्रॅम घातलं तर लोकर मऊ राहते. नसलं तरी अडत नाही. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका अंगाने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या अंगाने रंगाला, म्हणून रंग धुण्यात सुटत नाही. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून सुती कापडाचा जो तुकडा सापडला तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला होता, आणि ती मुळं सुतावर अशा बंधकाशिवाय पक्की होत नाहीत. १८५६ मध्ये पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. तोवर जगभरचे रंगारी मुख्यतः अशाच झाडपाल्यावर आणि क्षारांवर काम करत होते.

तुरटी लावलेली लोकर निथळून ओलसरच ठेवा. आता कांदा.

कांद्याची टरफलं हा माझ्या मते स्वयंपाकघरातला सर्वात विश्वासू रंग आहे, आणि कुणाला एकच रंग शिकायचा असेल तर मी हाच शिकवते. फक्त वरची कोरडी, कागदासारखी साल घ्यायची, आतली ओली पाकळी नाही. प्रमाण वजनाला वजन : १०० ग्रॅम लोकरीला १०० ग्रॅम टरफलं. ऐकायला थोडं वाटतं, पण टरफल इतकं हलकं असतं की १०० ग्रॅम म्हणजे मोठी पिशवी गच्च भरते. घरच्या कांद्यावर थांबलात तर बाळ शाळेत जाईल. भाजीवाल्याकडे मागा, कांद्याची पोती झटकल्यावर तो ती फेकूनच देतो. माझ्याकडे एक भाजीवाल्या मावशी गेली अनेक वर्षं पिशवी भरून ठेवतात, आणि बदल्यात मी दरवर्षी त्यांना त्याच टरफलांत रंगवलेली कानटोपी विणून देते.

कांदा कोणता यावर छटा ठरते. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा, गुलाबी सालीचा, तुरटीवर तांबूस सोनेरी देतो. खरिपाचा गडद लाल कांदा किंचित हिरवटाकडे, शेवाळी सोन्याकडे जातो. म्हणून दोघांची टरफलं मी वेगळ्या पिशव्यांत ठेवते. त्यातला मुख्य रंग क्वेर्सेटिन, तो तुरटीला घट्ट धरतो. उन्हाळ कांद्याचा रंग वर्षानुवर्षांच्या वापराने थोडा तपकिरीकडे झुकतो, पण जात नाही.

टरफलं चार-पाच लिटर पाण्यात तासभर उकळा. ती उकळायला हरकत नाही, लोकर अजून आत नाही. पाणी गाळून घ्या, टरफलाचा एक तुकडाही राहिला तर लोकरीवर गडद ठिपका येतो. पाणी कोमट झालं की तुरटीची ओली लड सोडा आणि हळू तापवा. पहिल्या पाच मिनिटांत ती लिंबासारखी पिवळी दिसेल आणि तुम्हाला वाटेल की एवढंच का. थांबा. पंधराव्या मिनिटाला हळदी, अर्ध्या तासाला केशरीकडे, आणि तासाभराने तांब्याच्या घासलेल्या कळशीचा रंग येतो. लाकडी दांडीने लड उचलून पाहत राहा, फिरवा मात्र अगदी अलगद. लोकर ओली असताना रंग नेहमी गडद दिसतो, वाळल्यावर तो एक-दोन पायऱ्या उतरतो. हवी त्यापेक्षा थोडी गडद झाली की गॅस बंद. उरलेलं पाणी टाकू नका, त्यातच दुसरी तुरटीची लड घातली की फिकट मध येतो, तिसरीला साय. एकाच भांड्यातले हे तीन रंग बाळाच्या स्वेटरच्या पट्ट्यांना एकमेकांशेजारी फार छान दिसतात.

बाकीच्यांविषयी आता भराभर.

डाळिंबाची साल : वाळवलेली, १०० ग्रॅम धाग्याला ५० ग्रॅम, कुटून रात्रभर भिजवून मग उकळायची. भगव्या डाळिंबाची लालबुंद साल पाहून लोक लालाची आशा धरतात, पण येतो तो मोहरीसारखा, किंचित हिरवट पिवळा. सालीतला लाल टिकत नाही, टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, टिकतं. हा अतिशय पक्का रंग आहे आणि सुतासाठी तर सोनं, त्याचं कारण खाली.

चहा : कोरी पूड ५० ग्रॅम. मऊ बदामी. रोजच्या चहाचा चोथा वापरू नका, कारण आपण चहा दुधात उकळतो आणि दुधातली प्रथिनं टॅनिन आधीच धरून बसलेली असतात. कोरा चहा पिणाऱ्या घरातला चोथा चालतो, फक्त दुप्पट घ्या.

पानाच्या डब्यातला कात : हा तपकिरी रंग इतका चिवट आहे की एके काळी जहाजांची शिडं आणि मासेमारीची जाळी काताच्या पाण्यात काढत. पानात कात आणि चुना भेटले की लाल होतं ते आपल्याला माहीतच आहे. भांड्यातही तसंच, काताच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा पडला की तपकिरीत लाली येते. १०० ग्रॅम सुताला ३० ग्रॅम कात पुरतो. लोकरीला सोडा मुळीच लावू नका, अल्कलीने ती खराब होते.

झेंडू : स्वयंपाकघरातला नाही, पण दसऱ्याच्या तोरणातला आहे, म्हणजे घरातलाच. दुसऱ्या दिवशी तोरणं कचऱ्यात जातात, ती उतरवून सावलीत वाळवा. धाग्याच्या वजनाइतक्या वाळलेल्या फुलांत तुरटीवर उजळ, उबदार पिवळा येतो. मी दरवर्षी शेजारच्या चार घरांची तोरणं मागून आणते.

आणि ज्यांच्यावर विसंबू नये ते : हळद, बीट, लाल कोबी, जास्वंद, कोकम. कोबी, जास्वंद आणि कोकमातले लाल-जांभळे एकाच कुळातले, अँथोसायनिन. आम्लात लाल, सोड्यात निळसर-हिरवट, आणि उन्हात काहीच नाही. शाळकरी मुलांना एका दुपारची गंमत दाखवायला छान, स्वेटरला नाही.

हळदीविषयी थोडं थांबून बोलते, कारण ती आपली आहे. हळद तुरटीशिवायसुद्धा सुताला आणि लोकरीला दोन्हींना धरते, फार थोड्या रंगांना हे जमतं. तुमच्या सुतावर साबणाने लाल डाग पडले तो रंग बिघडलेला नाही. हळदीतलं कुर्क्युमिन अल्कली लागली की लाल होतं, हळदीला चुन्याची अल्कली देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. लिंबाचं दोन थेंब पाणी लावा, डाग पुन्हा पिवळा होईल. हळदीचं दुखणं ऊन आहे. खिडकीशी ठेवलेली हळदी लड आठवड्याभरात मावळते. म्हणून जुने छपाईवाले तिला एकटी सोडत नाहीत, डाळिंबाच्या सालीबरोबर वापरतात. हळदीचा तजेला गेला तरी खाली डाळिंबाचा पिवळा शिल्लक राहतो. तुमचं हळदीचं सूत फेकू नका, ते डाळिंबाच्या पाण्यात परत काढा.

आता गुलाबी, जो तुम्हाला मुळात हवा होता.

पक्का लाल-गुलाबी देणाऱ्या नैसर्गिक वस्तू मंजिष्ठा, आल नावाच्या झाडाची मुळं आणि कीटकांपासून मिळणारी लाख या आहेत, आणि त्या स्वयंपाकघरात नसतात. पण स्वयंपाकघरात खायचा रंग असतो, केशरी भाताला किंवा केकला घालतो तो, आणि लोकरीसाठी तो उत्तम रंग आहे. नैसर्गिक रंगाचे आग्रही लोक यावर नाक मुरडतात, मी मुरडत नाही. तुमची अट बिनविषारी ही आहे आणि बाळ बाही चोखणार आहे. भारतात खाण्याच्या पदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि ते सगळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने आम्लरंग आहेत, म्हणजे आम्ल आणि उष्णता मिळाली की प्रथिनाच्या धाग्याला स्वतःहून बांधले जातात. तुरटी नको. व्हिनेगर इथे खरोखर कामाला येतं. सुतावर मात्र ते अजिबात चढत नाहीत, पहिल्या पाण्यात निघून जातात.

बाटलीमागचे आकडे वाचा. १०२ टार्ट्राझिन, पिवळा. ११० सनसेट यलो, केशरी. १२२ कार्मोइसिन आणि १२४ पॉन्सो, लाल. १३३ ब्रिलियंट ब्लू, निळा. हे पाच लोकरीवर छान वागतात. १२७ एरिथ्रोसिन, झगझगीत गुलाबी, टाळा : व्हिनेगर पडताच तो गुठळ्या होऊन बसतो आणि उन्हात फिका पडतो. १३२ इंडिगो कार्माइनही उन्हाला कच्चा. म्हणजे तुमच्या गुलाबीसाठी १२२ किंवा १२४ असलेली लाल बाटली घ्या आणि थोडा रंग वापरा. फिकट लाल म्हणजेच गुलाबी.

सुटा, पुडीतला, लेबल नसलेला रंग घेऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडू सरकारने कापूसमिठाईच्या विक्रीवर बंदी घातली ती तिच्यात रोडामाइन बी हा कापडाचा गुलाबी रंग सापडला म्हणून. दिसायला तो खायच्या गुलाबीपेक्षा जास्त सुंदर असतो, फसायला होतं.

कृती : १०० ग्रॅम लोकर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पूर्ण ओली करा. तीन लिटर पाण्यात पाव चमचा रंग विरघळवा, त्यात लोकर सोडा आणि हळू तापवा. चांगलं गरम झालं की लड एका बाजूला सारून १०० मिली पांढरं व्हिनेगर ओता, थेट लोकरीवर नको, नाहीतर तिथेच रंग धावून डाग पडेल. व्हिनेगर नसेल तर दोन चहाचे चमचे लिंबूसत्व. त्याच ८०-८५ अंशांवर ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी चमचाभर पाणी पांढऱ्या वाटीत काढून पाहा. रंग सगळा लोकरीत गेलेला असेल आणि वाटीत जवळजवळ स्वच्छ पाणी. इतकी वर्षं झाली तरी त्या वाटीत वाकून पाहताना मला अजून आनंद होतो. पाणी निवळलं म्हणजे रंग बसला. निवळलं नाही तर चमचाभर व्हिनेगर आणखी घाला, दहा मिनिटं थांबा. तरीही रंगीत राहिलं तर रंगच जास्त झालाय, पुढच्या वेळी कमी घ्या. बाटलीत शुद्ध रंग किती आणि मीठ किती हे ब्रँडप्रमाणे बदलतं, म्हणून पाव चमचा हा फक्त सुरुवातीचा अंदाज समजा.

जांभळ्यासाठी लाल आणि निळा मिसळाल तर लाल आधी पकडतो आणि निळा मागून, त्यामुळे लडीवर ठिकठिकाणी दोन्ही वेगळे दिसतात. एकसारखा जांभळा हवा असेल तर व्हिनेगर अगदी हळू, तीन वेळा विभागून द्या. मला तो फुटलेला जांभळाच जास्त आवडतो.

तुम्ही मळकट झालेली बीटाची लड टाकली नसेल तर तीही यात घ्या. रिठ्याने धुवा आणि लाल द्या. खालचा पिवळट अंश गुलाबीला थोडा पीचकडे नेईल, वाईट दिसणार नाही.

आता सूत. इथे घाई चालत नाही. पांढरं दिसणाऱ्या सुतातही मेण आणि खळ असते. १०० ग्रॅम सुताला दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा घालून मोठ्या पातेल्यात तासभर उकळा. सूत आहे, उकळलं तरी चालतं. पाणी पिवळं-तपकिरी झालेलं पाहून आश्चर्य वाटेल, पण तो थर गेल्याशिवाय पुढचं काही धरत नाही. खळखळून धुवा.

दुसरी पायरी टॅनिनची. सेल्युलोज तुरटीला नीट धरत नाही, टॅनिन मात्र धरतं, आणि टॅनिन तुरटीला धरतं. जुने रंगारी यासाठी हिरडा वापरतात. मच्छलीपट्टणम आणि श्रीकालहस्तीच्या कलमकारीत कापड आजही हिरडा आणि म्हशीच्या दुधातून काढतात. आपल्या ओट्यावर डाळिंबाची साल तेच काम करते. २५ ग्रॅम वाळकी साल किंवा हिरड्याची पूड गरम पाण्यात, सूत त्यात रात्रभर. पिळा, धुवू नका. तिसरी पायरी तुरटी, इथे १५ ते २० ग्रॅम, गरम पाण्यात, पुन्हा रात्रभर. मग हलकं धुऊन रंगात. कांदा, झेंडू, कात, चहा यांपैकी काहीही घ्या. सुतावर ते लोकरीपेक्षा फिके येतात, तसेच यायचे. तुमच्या टोपीसाठी मी काताचा फिकट तपकिरी किंवा हळद-डाळिंबाचा पिवळा सुचवेन.

हिरवट आणि राखाडी छटांसाठी गंज. जुने गंजके खिळे काचेच्या बरणीत व्हिनेगर-पाण्यात पंधरा दिवस ठेवले की तांबूस पाणी होतं. ते चमचाभर लिटरभर पाण्यात घालून रंगवलेली लड पाच मिनिटं बुडवली की पिवळा शेवाळी होतो, डाळिंबाचा करडा-काळपट. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तीच क्रिया. पण जास्त लोहाने लोकर खरखरीत आणि कमजोर होते, म्हणून बाळाच्या कपड्याला मी ते वापरत नाही. गंजाचं पाणी वापरलेल्या भांड्यात दुसरं काही रंगवू नका, त्याचा अंशही उजळ पिवळ्याला मारून टाकतो. बोअरच्या पाण्याने तुमचे पिवळे मळकट येत असतील तर पाण्यात लोह असण्याची शक्यता आहे, पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घेऊन पाहा.

निळ्याविषयी कुणीतरी विचारेलच. स्वयंपाकघरात पक्का निळा नाही. खायचा निळा लोकरीला चालतो. सुताला नीळ लागते, झाडाची नीळ, कपड्यांना देतो ती नाही, आणि ती चुना आणि गुळाच्या पाण्यात उठवण्याची कृती स्वतंत्र लिहावी लागेल इतकी मोठी आहे.

बिनविषारी या शब्दाकडे वळते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. तुरटी न्हाव्याकडे असते, पाणी निवळायला वापरतात, तरी रंगाचं भांडं, गाळणं, चमचा स्वयंपाकाचे वापरू नका. मी स्टीलची दोन जुनी पातेली कायमची वेगळी ठेवली आहेत, त्यांवर लाल दोरा बांधलेला आहे. पितळ, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी छटा बदलतात, म्हणून स्टील. तुरटी कुटताना नाकाला फडकं बांधा, खिडकी उघडी ठेवा, मुलांना तेवढा वेळ बाहेर पाठवा. जुन्या पुस्तकांत मोरचूद आणि क्रोमच्या क्षारांच्या कृती सापडतील. रंग देखणे येतात, पण ते विषारी आहेत, घरात आणू नका. रंगवलेला धागा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग सुटी तुरटी आणि सुटा रंग निघून जातो. बाळाच्या तोंडाशी येणाऱ्या बाह्या आणि गळ्यासाठी खायच्या रंगाची लोकर घ्या, अंगाच्या पट्ट्यांना कांद्याची. केसाळ, फुगलेला धागा टाळा, तंतू तोंडात जातात.

विणायला घेण्याआधी एवढं करा. तुमच्या लोकरीतून दहा-दहा ग्रॅमच्या तीन बारीक लडी काढून एक कांद्यात, एक खायच्या लालात, एक डाळिंबात रंगवा. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर तिन्हींचे धागे शेजारी शेजारी गुंडाळा, पट्टीचा अर्धा भाग दुसऱ्या पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. मग झाकण काढून दोन्ही अर्धे शेजारी पाहा. त्यासोबत एक हळदीचा आणि एक बीटाचा धागाही गुंडाळा, मी सांगितलेलं तुमच्या डोळ्यांना दिसेल. उरलेल्या टोकांवर रिठ्याचं पाणी घालून पांढऱ्या रुमालात दाबा, रुमालावर काही उतरतं का पाहा. प्रत्येक पट्टीमागे वजन, तुरटी, वेळ आणि कांदा कोणता ते लिहून ठेवा. पुढच्या लडीला तीच छटा हवी असेल तेव्हा ही पट्टीच तुम्हाला सांगेल. तरीही स्वेटरला एका छटेची जेवढी लोकर लागेल तेवढी सगळी एकाच भांड्यात, एकाच वेळी रंगवा, कारण दुसऱ्या खेपेला तंतोतंत तोच रंग मलाही येत नाही.

तयार झालेला स्वेटर कोमट पाण्यात रिठ्याने धुवायला सांगा आणि सावलीत, आडवा पसरून वाळवा. मशीनच्या पावडरीत बरेचदा सोडा असतो, त्याने कांद्याचा सोनेरी लालसर होतो आणि लोकर कोरडी पडते. बहिणीला हे कागदावर लिहून स्वेटरबरोबर द्या.